बल्ब, अंतर आणि लक्स: यातलं स्वतंत्र चल कोणतं?

पत्र: मी गुहागर तालुक्यातल्या शाळेत नववीत शिकते. तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी ‘अंतर वाढलं की प्रकाशाची तीव्रता कमी होते’ हा प्रयोग घेतला आहे. ९ वॅटचा एलईडी बल्ब आणि मोबाईलवरचं लक्स मोजणारं ॲप वापरते. चलांच्या तक्त्यात मी स्वतंत्र चल ‘प्रकाशाची तीव्रता’, अवलंबी चल ‘अंतर’ आणि नियंत्रित चल ‘बल्ब, मोबाईल, खोली’ असं लिहिलं. बाईंनी तिन्ही खोडले. पण गेल्या वर्षीच्या ताईच्या सोलर पॅनेलच्या वहीत प्रकाशाची तीव्रता स्वतंत्र चलातच आहे आणि तिला ‘बरोबर’ मिळालं आहे! मग माझं चूक कसं? शिवाय अंतर दुप्पट केल्यावर रीडिंग चौथाई व्हायला हवं, तेही होत नाही. ५० सेंटीमीटरला ४३६ लक्स आले, १०० सेंटीमीटरला १३८.

उत्तर:

ताईचं बरोबर आहे आणि बाईंनी तुझं खोडलं तेही बरोबर आहे. अमुक राशी कायम स्वतंत्र आणि तमुक कायम अवलंबी, असं काही ठरलेलं नसतं. त्या प्रयोगात त्या राशीकडे कोणतं काम आहे, त्यावर तिचं नाव ठरतं. घरी मामा असणारा माणूस शाळेत सर असतो, तसंच हे.

त्यामुळे तक्ता भरण्याआधी वहीत प्रश्न एका वाक्यात लिही: ‘मी ___ बदलल्यावर ___ किती बदलतं?’ पहिल्या रिकाम्या जागेत तू स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने जे बदलतेस ते येईल. मोबाईल ३० वर ठेवायचा की ८० वर, हे तू ठरवतेस, म्हणून अंतर हे स्वतंत्र चल. दुसऱ्या जागेत उपकरणावर जे वाचावं लागतं ते. १३८ हा आकडा तू ठरवलेला नाहीस, तो आला. म्हणून लक्समधलं रीडिंग हे अवलंबी चल. ताईच्या प्रयोगात तिने पॅनेलवर पडणारा उजेड कमी-जास्त केला आणि मीटरवर वीज वाचली, म्हणून तिथे उजेड पहिल्या जागेत गेला.

बीजगणितात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ सोडवताना एक्स आणि वायची अदलाबदल केली तरी फारसं बिघडत नाही. गोंधळ बहुधा तिथूनच येतो. प्रयोगात मात्र ही अदलाबदल चालत नाही. बल्ब लांब नेल्याने उजेड कमी होतो, पण उजेड कमी झाला म्हणून बल्ब काही लांब सरकत नाही.

आता तुझ्या तक्त्यातली खरी अडचण. ती बाईंनी लाल शाईने खोडली असली तरी कदाचित सांगितली नसेल. ‘प्रकाशाची तीव्रता’ हे एकच नाव तू दोन वेगळ्या गोष्टींना देते आहेस. एक, बल्ब स्वतः किती उजेड बाहेर टाकतो. दोन, मोबाईलच्या सेन्सरवर दर चौरस मीटरला किती उजेड पडतो. लक्स हे दुसरीचं एकक आहे: एका चौरस मीटरवर एक ल्यूमेन (बल्ब बाहेर टाकतो त्या उजेडाचं एकक) पडला की एक लक्स. तुझ्या प्रयोगात पहिली गोष्ट अजिबात बदलता कामा नये, म्हणजे ती नियंत्रित. दुसरी मोजायची आहे, म्हणजे ती अवलंबी. म्हणून तक्त्यात नुसतं ‘प्रकाशाची तीव्रता’ न लिहिता ‘सेन्सरवर पडणारा प्रकाश (लक्स)’ असं लिही. अंतरही नुसतं नको. ‘बल्बच्या मध्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर (सेंटीमीटर)’ असं लिही. कुठून कुठपर्यंत ते सांगितलं नाही तर ते अंतर दुसऱ्या कुणाला पुन्हा मोजता येणार नाही.

नियंत्रित चलांत ‘बल्ब, मोबाईल, खोली’ चालत नाही, कारण त्या वस्तू आहेत, चलं नव्हेत. चल म्हणजे ज्याला किंमत असते, जे कमी-जास्त होऊ शकतं. बल्बचं काय कमी-जास्त होऊ शकतं, खोलीचं काय होऊ शकतं, ते शोधायचं. प्रदर्शनात परीक्षक इथेच थांबून विचारतात, म्हणून यावर सर्वात जास्त वेळ दे.

बल्बपासून सुरुवात कर. एलईडी बल्ब लावल्यावर तापत जातो आणि तापताना त्याचा उजेड थोडा उतरतो, म्हणून लावल्यानंतर १५-२० मिनिटं थांबून मगच पहिलं रीडिंग घे. जुना तारेचा बल्ब अजिबात घेऊ नकोस. त्यात व्होल्टेज १० टक्के घसरलं की उजेड जवळपास ३० टक्के घसरतो, आणि संध्याकाळी सगळीकडे दिवे-पंखे लागले की व्होल्टेज हमखास खाली येतं. चांगला एलईडी बल्ब आतल्या सर्किटमुळे एवढा हलत नाही. त्याहून उत्तम उपाय म्हणजे पॉवर बँकेवर चालणारा छोटा यूएसबी बल्ब. त्याला ५ व्होल्ट मिळत राहतात आणि ऐन प्रयोगात वीज गेली तरी काम अडत नाही. तो मंद असल्यामुळे १५-२० सेंटीमीटरपासून सुरुवात करावी लागेल, एवढंच.

बल्बचं तोंडही महत्त्वाचं. एलईडी बल्ब समोर जास्त उजेड टाकतो, बाजूला कमी आणि मागे तर फारच कमी. होल्डरवर आणि फळीवर खडूने एक-एक खूण कर. बल्ब चुकून फिरला तर लगेच कळेल.

मोबाईलचा सेन्सर बहुतेक फोनमध्ये स्क्रीनच्या वर, कानाला लागणाऱ्या स्पीकरच्या आसपास असतो. तो नेमका शोध. ॲप चालू ठेवून पेनाचं टोपण फोनच्या वरच्या कडेवरून हळूहळू सरकव. एका जागी आकडा धाडकन खाली येईल. तीच जागा. तिथे कडेला पेन्सिलने बारीक खूण कर आणि अंतर तिथपर्यंत मोज. स्क्रीनगार्डची काळी कड सेन्सरवर येत असेल तर आकडे कमी येतील. गार्ड ठेवायचाच असेल तर सगळ्या रीडिंगना तोच ठेव. स्क्रीनची चमक कमीत कमी कर. फोन अँड्रॉइडच घे. आयफोनवर ॲपला हा सेन्सर थेट वाचता येत नाही, तिथे कॅमेऱ्यावरून अंदाज बांधला जातो आणि कॅमेरा तर उजेड पाहून स्वतःला जुळवून घेतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं फायफॉक्स हे ॲप फुकट आहे आणि सेन्सरचा आकडा जसा येतो तसा दाखवतं. स्वस्त फोनचे लक्स अचूक नसतात, पण तुला गुणोत्तर तपासायचं आहे. एकच फोन शेवटपर्यंत वापरलास तर तो सगळीकडे सारख्याच पटीत चुकेल आणि गुणोत्तर टिकेल.

फोन बल्बकडे सरळ तोंड करून उभा हवा. १० अंश कलला तर रीडिंग दीड टक्का कमी येतं, ते खपून जाईल. ३० अंश कलला तर १३ टक्के जातात आणि ६० अंशांना निम्मं. म्हणून फोन हातात धरू नकोस. दोन पुस्तकांच्या मध्ये उभा अडकव आणि सेन्सर बल्बच्या मध्याच्या उंचीवर आण.

आता तुझं रीडिंग चौथाई का झालं नाही. उत्तर तुझ्या दोन आकड्यांतच आहे. समज, बल्ब सोडून दुसरा काही उजेड दोन्ही ठिकाणी सारखाच पडतो आहे. त्याला ‘म’ म्हणू. तर ४३६ मधून ‘म’ गेल्यावर जे उरेल ते, १३८ मधून ‘म’ गेल्यावर उरेल त्याच्या चौपट हवं. मांडून बघ: ‘म’ सुमारे ३९ येतो. ४३६ − ३९ = ३९७ आणि १३८ − ३९ = ९९. ३९७ ही ९९ ची जवळपास नेमकी चौपट आहे. म्हणजे खोलीत ३९ लक्स फुकटचे आले असावेत असा संशय धरायला जागा आहे. पण हा अजून संशयच आहे. ३९ हा आकडा वहीत लिहून मोकळी होऊ नकोस, तो प्रत्यक्ष मोज. मोजल्यावर ३९ च्या आसपास आला तर कारण सापडलं. १० आला तर कारण दुसरं आहे.

मोजायचं कसं? बल्ब बंद करून रीडिंग घ्यायचं, असं बहुतेकजण करतात. ते अर्धंच आहे. बल्ब बंद केला की खिडकीतून, दारातून, कौलांच्या फटीतून येणारा उजेड मोजला जातो. पण बल्बचाच उजेड भिंतीवर, जमिनीवर आपटून सेन्सरकडे येतो, तो बल्बबरोबर बंद झालेला असतो. चुन्याची पांढरी भिंत आणि चकचकीत लादी असली तर हा उजेड कमी नसतो. म्हणून बल्ब चालूच ठेव. काळ्या कागदाचा ५-६ सेंटीमीटरचा चौकोन काप, काडीला चिकटव आणि बल्ब व फोन यांच्या साधारण मध्यावर असा धर की त्याची सावली बरोबर सेन्सरवर पडेल. सेन्सरला बल्ब दिसायला नको, बाकी सगळी खोली दिसायला हवी. बल्ब कागदापेक्षा मोठा वाटला तर कागद थोडा मोठा घे, पण वहीएवढा नको, नाहीतर तो भिंतीवरून येणारा उजेडही अडवेल. आता जो आकडा दिसतो तो तुझा ‘म’. तो प्रत्येक अंतराला वेगळा मोजायचा आणि त्याच अंतराच्या रीडिंगमधून वजा करायचा. फोन सरकला की भिंतीपासूनचं अंतर बदलतं, तसा ‘म’ही बदलतो. वर आपण तो सारखा धरला होता तो केवळ अंदाजासाठी.

कौलारू घरात दिवसा हा प्रयोग करू नकोस, हे आवर्जून सांगावंसं वाटतं. भर उन्हात जमिनीवर एक लाख लक्सच्या घरात उजेड असतो. तुझा बल्ब एक मीटरवर शंभर लक्स देतो. कौलांच्या फटीतून आलेला एक कवडसा समोरच्या भिंतीवर पडला तरी रीडिंग वर चढतं. कवडसा जागेवर थांबतही नाही, सरकत राहतो; वरून ढग गेला की विझतो आणि पुन्हा पेटतो. पाच मिनिटांपूर्वी मोजलेला ‘म’ मग कामाचा राहत नाही. जागा निवडायची तर माजघर निवड, खिडकी नसते किंवा एकच असते. वेळ रात्रीची. पडवी टाळ, रस्त्यावरच्या गाडीचा झोतसुद्धा रीडिंगमध्ये येतो. जमीन शेणाने सारवलेली असेल तर उत्तम, ती उजेड फारसा परतवत नाही. लादी असेल तर बल्ब आणि फोन यांच्या मधल्या पट्ट्यात काळी घोंगडी अंथर. फोनच्या मागच्या भिंतीपेक्षा बल्बच्या मागची भिंत जास्त त्रास देते, कारण सेन्सरचं तोंड तिकडे असतं. तिथे एखादी गडद चादर टांग. तू पांढरा शर्ट घालून बल्बच्या बाजूला उभी राहिलीस तर तूसुद्धा एक भिंतच! रीडिंग घेताना फोनच्या मागे बस.

अंतराचं शून्य कुठे धरायचं, हा आणखी एक खड्डा. फळीवर मोजपट्टी ठेवून बल्बच्या टोकापासून मोजलंस, पण उजेडाचा प्रत्यक्ष मध्य टोकाच्या ३ सेंटीमीटर आत आहे, असं समज. मग तू ३० लिहितेस तेव्हा खरं अंतर ३३ असतं आणि रीडिंग ३० च्या हिशेबाने जेवढं हवं त्यापेक्षा १७ टक्के कमी येतं. १०० ला मात्र फरक ६ टक्केच पडतो. जवळची रीडिंग जास्त बिघडतात, लांबची कमी, आणि आलेख वाकतो.

यावर एक सुंदर तोड आहे. प्रत्येक (वजाबाकी केलेल्या) लक्सचं वर्गमूळ काढ, १ ला त्याने भाग आणि तो आकडा उभ्या अक्षावर, अंतर आडव्या अक्षावर घे. वरच्या उदाहरणात, मध्यापासून बरोबर एक मीटरवर १०० लक्स देणारा बल्ब धरला तर, ३० ला ९१८ लक्स, ६० ला २५२ आणि १०० ला ९४ असे आकडे येतात. त्यांच्या वर्गमुळांचे व्यस्त ०.०३३, ०.०६३ आणि ०.१०३. तिन्ही एका सरळ रेषेत बसतात. ती रेषा मागे वाढव. आडव्या अक्षाला ती शून्यावर छेदत नाही, वजा ३ वर छेदते. म्हणजे उजेडाचा मध्य किती आत आहे ते बल्ब न फोडता आलेखानेच सांगितलं. हा आलेख बोर्डावर लावलास तर बाकीची सजावट नसली तरी चालेल.

फार जवळून मात्र सुरू करू नकोस. अंतराच्या वर्गाचा व्यस्त नियम (अंतर दुप्पट तर उजेड चौथाई, तिप्पट तर नववा भाग) बिंदूएवढ्या उगमासाठी आहे. केप्लरने तो १६०४ साली मांडला तोही बिंदूतून चहूकडे पसरणारा प्रकाश डोळ्यांपुढे ठेवून. बल्बच्या जाडीच्या पाचपट अंतरापलीकडे बल्बला बिंदू मानलं तर चूक साधारण टक्क्यावर येते. ६ सेंटीमीटर जाडीचा बल्ब असेल तर ३० पासून सुरू कर: ३०, ४०, ५०, ६०, ८०, १००, १२०. बॅटरी, म्हणजे टॉर्च, घेऊन हा प्रयोग कधीच जमत नाही. टॉर्चच्या मागचा आरसा प्रकाश गोळा करून झोत बनवतो. अंजनवेलला टोळकेश्वराजवळचं दीपगृह कोसांवरून दिसतं ते प्रकाश असा एका दिशेला वळवल्यामुळेच. असा झोत तुझ्या फळीएवढ्या अंतरात जेमतेम पसरतो, मग चौथाईचा हिशेब कुठून लागणार!

रीडिंगचा क्रम मुद्दाम विस्कळीत ठेव. ३० पासून १२० पर्यंत ओळीने गेलीस आणि त्याच वेळात बल्बही थोडा थोडा मंदावत गेला, तर अंतर आणि वेळ ही दोन चलं हातात हात घालून बदलली. उजेड कशामुळे उतरला ते मग सांगता येत नाही. ६०, १२०, ३०, १००, ४०... असं कर. प्रत्येक अंतराला तीन रीडिंग घे, पण तिथल्या तिथे तीनदा बटण दाबून नव्हे. पूर्ण फेरी तीनदा कर, दरवेळी फोन उचलून पुन्हा ठेव. म्हणजे ठेवण्यातली चूकही सरासरीत येते. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ५० चं रीडिंग जास्तीचं घे. तिन्ही जुळले तर बल्ब स्थिर होता हे तुझ्याकडे लेखी आलं.

नियंत्रित चलांच्या रकान्यात मग नुसती नावं न लिहिता, किती ठेवलं आणि कसं ठेवलं ते लिही: ‘बल्ब तापण्याचा वेळ: २० मिनिटं, घड्याळ लावून’, ‘फोनचा कोन: बल्बकडे काटकोनात, दोन पुस्तकांत उभा’, ‘इतर उजेड: प्रत्येक अंतराला सावलीच्या कागदाने मोजून वजा’. शेवटचं काटेकोरपणे पाहिलं तर नियंत्रित नाही, मोजून दुरुस्त केलेलं आहे. तसं स्पष्ट लिही, परीक्षकांना ते आवडेल.

ताईच्या पॅनेलकडे वळशील तर एवढं लक्षात ठेव. तिथे उजेड स्वतंत्र, पण तो बदलायला तिनेही बहुधा अंतरच बदललं असेल. तरी स्वतंत्र चल पॅनेलवरचे लक्सच, अंतर ही फक्त तो उजेड कमी-जास्त करायची मूठ. म्हणून लक्स प्रत्येक वेळी पॅनेलच्या जागी मोजून लिहायला हवेत. पॅनेलला नुसतं मल्टिमीटर लावून व्होल्ट मोजले तर निराशा होते. उजेड निम्मा केला तरी चांगल्या सेलचं व्होल्टेज जेमतेम २० मिलीव्होल्टच्या आसपास उतरतं, आणि पॅनेल १० अंशांनी तापलं तरी तेवढंच उतरतं. मग उजेडाचा परिणाम पाहिला की उष्णतेचा? त्यापेक्षा मीटर विद्युतधारेवर ठेवून थेट पॅनेलच्या दोन टोकांना जोडायचं. ती धारा उजेडाच्या पटीत बदलते. उन्हात १०० मिलीअँपिअर देणारं पॅनेल बल्बखाली त्याचा हजारावा भागही जेमतेम देतं, त्यामुळे मीटर २००० मायक्रोअँपिअरवर ठेव. वरच्या रेंजवर शून्यच दिसेल आणि पॅनेल बिघडलं असं वाटेल.

वेळ असेल तर मुख्य प्रयोगाच्या शेजारी एक छोटा प्रयोग मांड, त्याला मोबाईलही लागत नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुन्सेनच्या नावाने तो ओळखला जातो. पांढऱ्या कागदावर खोबरेल तेलाचा एक थेंब सोड, पुठ्ठ्याच्या चौकटीत तो कागद उभा कर आणि दोन्ही बाजूंना एक-एक बल्ब लाव. ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूने डाग आजूबाजूच्या कागदापेक्षा काळपट दिसतो, कारण तिथला उजेड परत न येता पलीकडे निघून जातो. पलीकडून तोच डाग उजळ दिसतो. एक बल्ब ५० सेंटीमीटरवर पक्का ठेव आणि दुसरा पुढे-मागे कर. दोन्हीकडून सारखा उजेड पडला की डाग जवळजवळ नाहीसा होतो. समज, तो दुसरा बल्ब ७० वर असताना नाहीसा झाला. ७० भागिले ५० चा वर्ग १.९६, म्हणजे दुसरा बल्ब पहिल्याच्या साधारण दुप्पट उजेड देतो. पहिला बल्ब ३०, ४०, ६० वर नेऊन हेच पुन्हा कर. इथे तू ठरवतेस ते पहिल्या बल्बचं अंतर, आणि डाग नाहीसा होईपर्यंत शोधावं लागतं ते दुसऱ्याचं. म्हणजे ‘दुसऱ्या बल्बचं अंतर’ हे या प्रयोगात खरोखरच अवलंबी चल आहे. तू तक्त्यात अंतर ज्या रकान्यात लिहिलं होतंस, तिथेच!

डाग एका बाजूने पाहताना जिथे मावळतो, तिथेच दुसऱ्या बाजूने मावळत नाही, थोडा फरक पडतो. दोन्हीकडून पाहून सरासरी घे. थेंब लहान ठेव, काडीच्या टोकाने टेकवलेला. कागद आदल्या रात्री करून ठेव आणि वरचं जास्तीचं तेल टिपून घे, कारण ताजा डाग पसरत राहतो आणि त्याची कड धूसर होते. कड धूसर झाली की तो नेमका केव्हा नाहीसा झाला ते डोळ्यांना ठरवता येत नाही.